जत्रेच्या नाटकाचा फलक रस्त्यावरून वाचताच येत नाही. काय करू?

शाळेतली_बाई

नमस्कार. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या रात्री संगीत नाटक होतं. कलाकार गावचे, पेटी-तबला गावचा, यंदा तर संहिताही गावातल्याच एका जुन्या हस्तलिखितावरून घेतलेली आहे. नाटक कर्णावरचं आहे. नाव इथे देत नाही, समितीतले दोघेतिघे हा मंच वाचतात.

फलकाचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण 'तुला कॅन्व्हा येतं'. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिका करते, तेवढंच माझं डिझाईन. फलक दहा फूट रुंद आणि सहा फूट उंच, लागणार तिठ्यावर. समितीने दिलेला मजकूर असा: देवीचा मखरातला फोटो, देवळाचा दीपमाळेसकट फोटो, नाटकाचं नाव, 'तीन अंकी पौराणिक संगीत नाटक', लेखक, दिग्दर्शक, संगीत मार्गदर्शन, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा, सगळे कलाकार, वादक, समितीचे पदाधिकारी, देणगीदार, आमदार आणि सरपंच फोटोसह, पंच फोटोशिवाय, तिथी, तारीख, वेळ, स्थळ आणि शेवटी 'सर्वांनी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी'.

मी सगळं बसवलं. बसलंही. मग ए-थ्रीवर छापून कुंपणाला लावलं आणि रस्त्यापलीकडून पाहिलं. मखराची चकाकी दिसते आणि आमदारांचा पांढरा शर्ट दिसतो. नाटक आहे हे कळत नाही.

व्हिडिओंमधून कॉन्ट्रास्ट, अलाइनमेंट, हायरार्की, व्हाइट स्पेस हे सगळं ऐकलं आहे. बैठकीत मी 'थोडी मोकळी जागा सोडूया' म्हटलं, तर आमचे खजिनदार म्हणाले, "पैसे फुटावर देतो आम्ही. मोकळी कशाला सोडायची?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. रंग बदलू, फॉन्ट बदलू की काही वेगळं करू? आणि जरा कल्पक काहीतरी करायचं मनात आहे, ते या गर्दीत कुठे बसवायचं?

छपाईवाला_मडगाव

डिझाईनचं इतर लोक सांगतील, मी मशीनपुरतं सांगतो.

दहा बाय सहाचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) केला तरी फाईल ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होते. लांबून बघायच्या फलकाला तेवढं पुरतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे मागवू नका, ते आकसून येतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा म्हणावं. मोबाईलच्या पडद्यावर जो पोपटी आणि जो निळा झगझगीत दिसतो तो शाईत येत नाही, मंद होतो. दुकानात येऊन भांडणारे बहुतेक याच दोन रंगांवरून भांडतात. कडेचे तीन-चार इंच मजकुराविना ठेवा. तिथे दुमडून शिवण पडते, आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) लागतात, फ्रेमवर ठोकलं तर अजून जातं. कितीतरी फलकांवर शेवटच्या माणसाचं आडनाव खिळ्याखाली गेलेलं मी पाहिलं आहे.

फोंड्याचा_पेंटर

बाय, तुमच्या खजिनदारांचं वाक्य वाचून मी हसलो. सगळं दुखणं त्या वाक्यात आहे.

मी फलक रंगवायचो. पत्र्यावर एनॅमल, नाटकाला कापड. आम्ही पैसे अक्षरावर घ्यायचो. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून आणायचं आणि दर ऐकला की माझ्यासमोरच बसून शब्द कापायचं. 'उपस्थित राहून शोभा वाढवावी' कोणी लिहून घेत नसे, त्या ओळीत दुपारच्या जेवणाचे पैसे जायचे. शेवटी कापडावर राहायचं नाटकाचं नाव, वार, वेळ आणि देऊळ. त्यात आमची हुशारी काही नव्हती, गिऱ्हाइकाच्या खिशानेच ती रचना केलेली असायची. फ्लेक्स आला आणि अक्षर फुकट झालं. दहा शब्द छापा की दोनशे, बिल फुटाचंच. मग कोणीही दोनशेच छापणार. पूर्वी जे काम खिसा करायचा ते आता फलक करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आलं आहे, आणि समितीला त्यात तोटा दिसत नाही म्हणून ती ऐकत नाही.

खजिनदाराला व्हाइट स्पेस सांगू नका. त्याला हिशेब सांगा.

तिठ्यावर गाडी ताशी ४० किलोमीटरने येते असं धरा. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. चालवणाऱ्याची नजर फलकावर तीन सेकंद टिकली तरी पुष्कळ झालं, तेवढ्यात तो ३३ मीटर पुढे गेलेला असतो. फुटांत धरा ११०. आमचा जुना ठोकताळा असा की दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. ११० फुटांना ११ इंच. आणि हे फक्त शिरोरेषेपासून पायापर्यंतचं झालं. वर वेलांटी, मात्रा, रफार येणार, खाली उकार येणार. आपली ओळ दोन्ही बाजूंनी वाढते, इंग्रजी मोठ्या अक्षरांना ही भानगड नाही. म्हणून एका ओळीला वीस इंच तरी सोडावे लागतात. फलकाची उंची सहा फूट, म्हणजे ७२ इंच. भागाकार करा. साडेतीन ओळी येतात, वरखालच्या कडा सोडल्या की तीनच. रुंदीचंही तेच, अशा आकाराची दहा-अकरा अक्षरं एका ओळीत मावतात.

तर तुमच्या तिठ्यावर तीन ओळी आहेत. त्यापलीकडे जे छापाल ते गाडीवरच्या माणसापुरतं छापलंच नाही असं समजा. त्याचे पैसे मात्र गेले. हे खजिनदाराला सांगा, लगेच पटेल.

तीन ओळींत काय? नाटकाचं नाव, मग वार-तारीख-वेळ, मग देऊळ. तीनही ओळी सारख्या करू नका, नाहीतर देवळात आलेल्या सगळ्यांनी एकदमच घंटा वाजवल्यासारखं होतं. नाव सर्वांत मोठं. त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त उंच वार आणि तारीख, पण ते ११ इंचांच्या खाली जाऊ देऊ नका. देवळाचं नाव त्याहून लहान चालेल. त्या तिठ्यावरून जाणारा निम्मा गाव आहे, त्याला देऊळ कुठे ते सांगायला नको, आणि बाहेरचा माणूस नाटकात रस वाटला तर गाडी थांबवून वाचतो. मोठेपणाचा फरक करायचा तर ठळक करा. १६ आणि १८ असला फरक कागदावर मोजता येतो, रस्त्यावरून दिसत नाही.

रंगाचं. मागे काय आहे ते आधी बघून या. आपल्याकडे तिठ्यामागे माड, काजू, फणस, नाहीतर एखादं कुळागर (पोफळीची बाग). हिरव्या पार्श्वभूमीचा फलक त्यात बुडतो, छपाई कितीही झकास असू दे. पांढऱ्यावर पिवळं अक्षर दुपारी उन्हात नाहीसं होतं. लालवर निळं आणि हिरव्यावर लाल ही दोन जोडपी डोळ्यासमोर थरथरतात. दोन्ही रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखा, म्हणून अक्षराची कड सापडत नाही. काही पुरुषांना तर लाल-हिरवा फरक जन्मापासून नीट दिसत नाही, त्यांना तो फलक कोराच. परीक्षा सोपी आहे: डिझाईनचा फोटो मोबाईलवर काळा-पांढरा करा. अक्षरं तरीही ठणठणीत दिसली तर रंग कुठलाही घ्या. करड्यात करडं मिसळलं तर बदला.

आणि अक्षराला कड, सावली, सोनेरी चकाकी हे तिन्ही एकदम देऊ नका. कॅन्व्हात बटण आहे म्हणून ते दाबायलाच पाहिजे असं नाही. गडद रंगावर सपाट फिकं अक्षर, बस.

देवस्थानचा_खजिनदार

मी डिचोली तालुक्यातल्या एका देवस्थानचा खजिनदार, वरच्या बाईंचा नव्हे. पण आमच्या जमातीची थट्टा चालली आहे म्हणून लिहितो.

पेंटरबाब, हिशेब झकास आहे. पण तो फलक नुसता नाटक कळवायला नसतो. गावात नाटक आहे हे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीबरोबर घरोघरी पोचतं, त्याला फ्लेक्स लागत नाही. फलक असतो तो माणसांची नोंद घ्यायला. ज्याने पाच हजार दिले तो मुंबईहून जत्रेला येतो आणि पहिलं आपलं नाव बघतो. नाव नसलं तर पुढच्या वर्षी पाच हजार नाहीत, मग नेपथ्यही नाही आणि नाटकही नाही. त्या तीन ओळींत वर्गणी कुठे बसते ते सांगा.

दुसरं, गर्दी म्हणजे वाईट हे मला पटत नाही. आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा, त्यांची चित्रं बघा. इंचभर जागा मोकळी नाही. कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात भिंतीवर त्यांनी सज्जातले प्रेक्षक रंगवले आहेत, अख्खा गाव येऊन बसल्यासारखा. कोणी म्हणत नाही की माणसं कमी करा.

फोंड्याचा_पेंटर

खजिनदारबाब, नोंदीचं तुमचं अगदी खरं आहे. पण मग ती नोंद वाचता येईल अशी तरी करा. तिठ्यावर दीड इंच अक्षरात छापलेलं देणगीदाराचं नाव पंधरा फुटांवरून दिसतं. ते वाचायला त्याला रस्त्याच्या कडेला गाडी लावून गटार ओलांडून जावं लागतं. पाच हजार देणाऱ्याला असं करायला लावायचं?

दोन फलक करा. तिठ्यावर तीन ओळींचा. दुसरा मंडपाच्या तोंडाशी, चार बाय सहाचा, उभा, डोळ्यांच्या उंचीवर. नाटक सांगितलेल्या वेळी कुठे सुरू होतं? माणसं खाजं चघळत, चणे खात तासभर तिथेच उभी असतात. त्यांच्याकडे वेळ आहे आणि फलक हाताच्या अंतरावर आहे. तिथे दीड इंचाचं नावही भरपूर मोठं. कलाकार, वादक, देणगीदार, समिती, सगळे तिथे. माणूस कुटुंबाला घेऊन त्याच्यापुढे उभा राहून फोटो काढेल. तिठ्यावर कोण काढतो? खर्चही फारसा वाढत नाही, कारण तिठ्यावर तीनच ओळी असल्या की दहा बाय सहाऐवजी आठ बाय पाचमध्येही काम भागतं का ते बघता येईल. अक्षर थोडं लहान होईल एवढंच.

आमदार आणि सरपंचांचे फोटो मंडपाच्या फलकावर खाली, एका पट्टीत, सगळे एका आकाराचे आणि एकाच मापाने कापलेले. एकाचं डोकं मोठं, दुसऱ्याचं लहान झालं तर त्याचं राजकारण होतं, ते मी पाहिलं आहे.

मारियोंचं म्हणाल तर ती चित्रं मलाही आवडतात. पण ती बघायला माणूस बसलेला असतो, नाहीतर पुस्तक मांडीवर असतं. कलामंदिराच्या भिंतीपुढून कोणी ताशी ४० ने जात नाही. शिवाय त्यांच्या गर्दीत नीट बघा, रेघ सगळीकडे जवळपास एकाच जाडीची असते आणि मधूनमधून भरीव काळे डाग असतात: कोणाचा कोट, कोणाचे केस, एखादं काळं कुत्रं. नजर त्या डागांवरून उड्या मारत जाते. आपल्या फ्लेक्सवर मखर चकाकतं, शर्ट चकाकतो, अक्षरालाही चकाकी. सगळेच डाग, मग उडी मारायची कुठे?

अल्तिनोची_विद्यार्थिनी

पणजीला कला शिकते. पेंटरकाकांच्या दोन फलकांच्या कल्पनेला दुजोरा, आणि मी अक्षरांबद्दल लिहिते, कारण कॅन्व्हात देवनागरीचे जे हाल होतात ते बघवत नाहीत.

आधी मंडपाचा फलक. नावं मधोमध रचू नका. मध्यावर रचलेल्या लांबलचक यादीची दोन्ही टोकं वेडीवाकडी होतात आणि प्रत्येक ओळीची सुरुवात नव्याने शोधावी लागते. डावी कड एका रेषेत ठेवा. गट पाडायला चौकटी आणि फुलांच्या पट्ट्या लागत नाहीत. दोन नावांमधल्या अंतरापेक्षा दोन गटांमधलं अंतर दुप्पट करा, डोळा आपोआप गट पाडतो. जवळजवळ असलेल्या गोष्टी माणूस एकत्र धरतो, हे मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये नुसत्या ठिपक्यांच्या ओळी काढून दाखवलं होतं. वर्गात हे शिकताना कंटाळा आला होता, पण लग्नपत्रिका करायला घेतली तेव्हा उपयोगी पडलं.

फॉन्ट. विंडोजमधला मंगल र. कृ. जोशींनी संगणकाच्या पडद्यासाठी केला. तो पडद्यावर ठीक, तिठ्यावर बारीक पडतो. गूगलवर फुकट मिळणाऱ्यांत मुक्ता घ्या. त्याच्या वेगवेगळ्या जाड्या मिळतात आणि अक्षरांची पोटं मोकळी आहेत. ब, व, ष, प यांची पोटं बुजली की लांबून सगळी सारखीच दिसतात, म्हणून सगळ्यांत जाड वजन घेऊ नका, त्याच्या एक-दोन पायऱ्या खालचं घ्या. 'द्ध', 'ष्ट्र', 'श्र' असली जोडाक्षरं तर जाड वजनात हमखास चिकटतात. यात्रा वन हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, त्याला ब्रशचा बाक आहे, शीर्षकाला करून बघा. सगळा फलक त्यात नको. एका फलकावर दोन फॉन्ट पुरेत.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. दुसरं, जागा भरायला शब्द आडवा ओढणं. उभे दांडे जाड होतात आणि आडव्या रेषा तेवढ्याच राहतात, अक्षर रबरी होतं. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना तेही बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. आणि 'ऱ्या' लिहून बघा, 'दुसऱ्या' मधला. तो नीट आला नाही तर फॉन्ट बदला.

शीर्षकासाठी खरं तर फॉन्ट नकोच. मराठी नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात यायच्या तेव्हा कमल शेडगे नाटकाचं नाव असं रेखाटायचे की चित्राची गरज पडायची नाही. काळी शाई, दोन कॉलमांची जागा, आणि अक्षराच्या वळणावरून कळायचं की नाटक विनोदी आहे की शोकांत. इथे तर एक पेंटर हजर आहेत.

शाळेतली_बाई

सगळ्यांचे आभार. भागाकार बैठकीत मांडला. आमचे खजिनदार काही वेळ गप्प राहिले, मग मोबाईलवर स्वतः ७२ ला २० ने भागून पाहिलं आणि म्हणाले, "मग दोन करू." दुसऱ्या फलकाला मंजुरी मिळाली. आमदारांचा फोटो तिठ्यावरून काढायला एकानेही विरोध केला नाही. मला वाटतं सगळ्यांनाच तो नको होता, पण म्हणायचं कोणी हा प्रश्न होता.

आता तीन ओळी आहेत आणि डावीकडे जागा उरते. अध्यक्ष म्हणतात तिथे कर्णाचा रथ, धनुष्य आणि सूर्य टाकू. इंटरनेटवर तसली चित्रं ढीगभर आहेत, पण सगळी सारखीच दिसतात, शिवाय ती कोणाची तरी असतात. आमच्या देवळाच्या जुन्या भिंतीवर कावीची वेल होती, रंगकामात अर्धी गेली. ती काठाला वापरू का? आणि वाड्यावर काही शेजारी देवनागरी वाचत नाहीत, रोमीत (रोमन लिपीतली कोंकणी) वाचतात. दरवर्षी नाटकाला पहिल्या रांगेत तेच असतात. त्यांच्यासाठी एक ओळ घालू का?

फोंड्याचा_पेंटर

कावीचं नाव काढलंत, बरं झालं. तिची वेल घेऊ नका, तिची शिस्त घ्या. कावीत काय असतं? चुन्याच्या पांढऱ्या थरावर लाल कावेचा थर, आणि टोकदार हत्याराने तो लाल खरवडला की खालचा पांढरा दिसतो. दोनच रंग. तिसरा मागायची सोयच नाही, म्हणून सगळी अक्कल आकारात घालावी लागते: कुठे खरवडायचं आणि कुठे राहू द्यायचं. वेल काठाला लावलीत तर शंभर फुटांवरून ती मुंग्यांची रांग दिसेल आणि तीन ओळींची जागाही खाईल. त्यापेक्षा अख्खा फलक त्या विटकरी लाल रंगाचा करा आणि अक्षरं चुन्याच्या पांढऱ्या रंगात. माडांच्या हिरव्यासमोर तो लाल उठून दिसतो आणि गावच्या माणसाला तो रंग देवळाचा आहे हे सांगावं लागत नाही. वेल मंडपाच्या फलकावर घ्या, तिथे ती जवळून दिसेल. अर्धी गेली म्हणता, तर उरलेल्या अर्ध्या वेलीचा आधी चांगला फोटो काढून ठेवा.

रथ, धनुष्य, सूर्य हे तिन्ही सोडा. ती चित्रं कुठल्याही कर्णाला चालतात. तुमच्या नाटकात सगळ्यांत मोठा प्रसंग कुठला? मला वाटतं कवचकुंडलांचं दान, कर्णावरचं बहुतेक प्रत्येक नाटक तिथे जाऊन थांबतं. मग कर्ण दाखवूच नका. त्याने कानातून काढून दिलेलं एक कुंडल दाखवा. एकच. मोठं, गोल, पिवळं, फलकाच्या डावीकडे खालपासून वरपर्यंत. लांबून येणाऱ्याला पहिल्यांदा लाल पाटीवर पिवळं वर्तुळ दिसेल, काय आहे ते कळणार नाही आणि म्हणूनच तो बघत राहील. जवळ आल्यावर कुंडल, मग नाव वाचलं की गोष्ट आठवते. कुंडलाच्या खालच्या टोकाला हवं तर एक लाल थेंब, पार्श्वभूमीचाच लाल, वेगळा रंग नको. कल्पकता म्हणतात ती अशी नाटकातच सापडते, चित्रांच्या ढिगात शोधत बसलं की रथच हाती लागतो.

आणखी एक मोह येईल. नावात अनुस्वार असला तर कोणीतरी सुचवेल की त्या टिंबाच्या जागी कुंडल बसवू. एका टिंबापुरतं ते खपतं. पण अक्षराच्या जागी वस्तू बसवू नका. वाचणारा अडखळतो आणि तुमच्या तीन सेकंदांतला एक तिथेच जातो.

मला जमेल तसं कुंडलाचं चित्र काढून पाठवतो, मोठ्या कागदावर ब्रशने. त्याचा उजेडात सरळ वरून फोटो काढा. नावही ब्रशनेच लिहून देईन. नाव निरोपात कळवा, समिती वाचते म्हणता ना.

अल्तिनोची_विद्यार्थिनी

रोमी ओळ नक्की घाला. देवळाच्या नावाखाली, एकच ओळ: नाव, तारीख, वेळ. मात्र एकाच आकड्याचा फॉन्ट साइझ दोन्हींना दिलात तर रोमन मोठी अक्षरं देवनागरीपेक्षा उंच दिसतील, कारण आपल्या आकारात मात्रांची जागाही धरलेली असते. आकडे विसरा आणि डोळ्याने जुळवा. देवनागरीची शिरोरेषा ते पाया एवढीच रोमन अक्षराची उंची ठेवा, दोन्हींची जाडी सारखी वाटू द्या. मग ती ओळ ठिगळासारखी दिसणार नाही.

देवस्थानचा_खजिनदार

एक विचारतो. मंडपाच्या फलकावर देणगीदारांचा क्रम कसा लावणार? रकमेने लावला तर खालचे रुसतात.

फोंड्याचा_पेंटर

अकारविल्हे लावा आणि वर तसं स्पष्ट लिहा. रक्कम छापूच नका. जास्त देणाऱ्यांचा मान पत्रिकेत करा.

शाळेतली_बाई

काका, निरोप पाठवला आहे. बाकी ठरलं: लाल, पांढरा, एक कुंडल, तीन ओळी आणि खाली रोमी. तिथी मंडपाच्या फलकावर, तिठ्यावर फक्त वार आणि तारीख. पंचायतीत परवानगीचा अर्ज उद्या देते. मडगावच्या दादांना एक विचारायचं आहे, फाईल कशी देऊ?

छपाईवाला_मडगाव

पीडीएफ. कॅन्व्हातून छपाईसाठीची निवडा आणि तुमच्याकडे असेल तर सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) घ्या, नसेल तर आम्ही बदलून देतो, पण लाल थोडा गडद येईल हे धरून चला. कॅन्व्हाची लिंक पाठवू नका. दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला मी बघितला आहे, पीडीएफमध्ये ती भीती कमी. पेंटरबाबांचं कुंडल फोटोतून घेणार असाल तर तो मूळ फोटो वेगळा पाठवा, आम्ही कड साफ करून देऊ.

मजकूर दोघांनी तपासा, आणि त्यातला एक तरी असा असू दे ज्याने तो आधी पाहिलेला नाही. तारखेला जो वार लिहिला आहे तोच त्या दिवशी येतो का ते कॅलेंडर उघडून बघा, गेल्या वर्षीची फाईल कॉपी करणाऱ्यांचा तिथेच घोळ होतो. छापण्याआधी आम्ही फूटभराचा तुकडा छापून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. तो दुपारी उन्हात धरून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. जत्रेच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे रांग असते, त्याच्या आधी आलात तर दोन्ही फलक एका दिवसात होतील.